टिपणीसकाकांची भवानी

टिपणीसकाकांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही आणि घरात अकरा कंगवे आहेत. शिवाय परकराच्या नाड्यांची सात बंडलं, आणि लहान मुलींच्या केसांच्या क्लिपा. घरात लहान मुलगी नाही, कधी नव्हतीही.

बरं, माणसाला उधळ्या म्हणावं तर तसंही नाही. डोंबिवली स्टेशनपासून आमच्या सोसायटीपर्यंत शेअर रिक्षा मिळते, पण काका चालत येतात. माझ्या घरी आले की आधी माझा पंखा एकवर करतात. आणि महिन्याची वीस तारीख उलटली की दारात उभे.

"अरे, पैसा जातो कुठे, तेच कळत नाही बुवा."

मी पतपेढीत नोकरीला, तेव्हा मला कळायला हवं अशी त्यांची समजूत. मलाही कळत नव्हतं.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललं जात होतं. थोडे पैसे विम्यातून मिळणार होते, वरचे काही जमत नव्हते. काकू जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत आणि विचारलं तर म्हणत, "काही घाई नाही रे."

शेवटी एका रविवारी सकाळी काकांबरोबर मीच दूध आणायला निघालो. रस्त्याच्या कडेला सामान मांडत बसलेली एक बाई म्हणाली, "काका, भवानी करा ना." काका जागीच थांबले. दिवसातली पहिली विक्री, तिला नाही कसं म्हणायचं? नाड्यांचं आठवं बंडल घेतलं. पुढे लिंबंवाला भेटला, मग कंगवेवाला. दीडशे रुपये गेले आणि दूध राहिलंच. ते मीही विसरलो.

पण चोर सापडला म्हणून मी खूश होतो. काकांना सांगितलं, "उद्यापासून अकरानंतर बाहेर पडा. तोवर सगळ्यांची भवानी झालेली असते."

काकांनी निमूटपणे ऐकलं. त्या महिन्यात खर्च दुप्पट झाला.

"सकाळी विचारतात ते सवयीने रे," काकांनी मला समजावलं. "अकरापर्यंत ज्याची भवानी होत नाही, त्याचं काय सांगू तुला."

मी चक्रावलो आणि चिडलोही. "अहो, पण तुम्हाला काय करायचंय त्यांचं?"

काका सांगू लागले. कोलशेतची त्यांची कंपनी बंद पडल्यावर त्यांनी वह्या-पेनांचं दुकान काढलं होतं. आठ महिने चाललं.

"लोक यायचे, भाव विचारायचे, जायचे. दुपार झाली की मीच खिशातली पन्नासची नोट गल्ल्यात टाकायचो. घरी गेलो की ही विचारायची, भवानी झाली का? हिच्याशी खोटं नको बोलायला."

मला फार वाईट वाटलं. पण गुडघ्याचा प्रश्न होता तिथेच होता, आणि आता तर सल्ला काय द्यावा तेही कळेना.

पुढच्या महिन्यात पेन्शन जमा झाली त्या दिवशी काकांना पतपेढीत बोलावलं. दर महिन्याला पेन्शन आली की आधी ठरावीक रक्कम काकूंच्या ऑपरेशनसाठी बाजूला पडेल, अशा ठेवीचा फॉर्म पुढे केला. बचतीवर चार वाक्यं पाठ केली होती, ती ऐन वेळी आठवेनात.

"काका," मी म्हणालो, "काकूंच्या गुडघ्याची अजून भवानी झालेली नाही."

काकांनी फॉर्म ओढून घेतला, सही केली आणि पेन तसंच हातात धरून ते बसून राहिले.

"म्हणजे ती दोन वर्षं वाट बघत बसली होती," ते म्हणाले, "आणि मी रोज तिच्या समोरून जात होतो."