चौगुले काकांची मुलाखत

चौगुले काकांना कुणाचंही पहिलं उत्तर पटत नसे. भाजीवाल्या मावशींना ते विचारायचे, "वांगी आजची हाईत?" मावशी म्हणायच्या, "व्हय की." काका पिशवी न उघडता शांतपणे म्हणायचे, "आता खरं सांगा." तीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढल्याचा हा परिणाम. देवळात ते हात जोडून उभे असले, की देवालाही हेच म्हणत असतील असं मला वाटायचं.

अशा माणसाच्या हाती मी माझं भवितव्य सोपवलं. तेव्हा मी पुण्यात एमबीएच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. मला सल्लागार कंपनीत नोकरी हवी होती. तिथल्या मुलाखतीत एखाद्या धंद्याची अडचण सांगतात. आपण प्रश्न विचारत विचारत अर्ध्या तासात मार्ग सुचवायचा. त्याला 'केस' म्हणतात. हे मी वडिलांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ज्यानं जन्मात पानपट्टी चालवली न्हाई, त्यानं कारखानदाराला शहाणपण शिकवायचं? आणि वर पगार घ्यायचा?" मी "होय" म्हणालो खरा, पण माझं मलाच कसंतरी झालं.

सुट्टीत कोल्हापूरला आलो. पुण्यातले मित्र एकमेकांच्या केस घेऊन तयारी करत होते. इथं माझी कोण घेणार? समोरच्या घरातले चौगुले काका म्हणाले, "मी घेतो की. सकाळी सातला ये."

मी झेरॉक्सचं जाडजूड बाड त्यांच्यापुढं ठेवलं. पहिलीच केस विमान कंपनीची. काकांनी पान उलटलं.

"विमान मी कुठं बघितलंय? चंदगडला माझा काजूचा कारखाना हाय असं धर. नफा कमी झालाय. विचार."

मी वहीत ऐटीत चौकटी आखल्या. "तुमचे स्पर्धक कोण?"

"शेजारचा पाटील. चांगला माणूस हाय, त्येच्यावर घसरू नकोस."

"बरं. विक्री घटली की खर्च वाढला?"

"खर्च वाढला."

मी लिहून घेतलं. काकांनी कपाळाला हात लावला. "लगेच लिवलंस? खरं सांगा म्हणून विचारायचं न्हाई व्हय रं? अशानं तुला एसटीत सुदीक कुणी घेतलं नसतं."

चौथ्या दिवशी मी निर्णयाला पोचलो. घरातल्या सरावालाही मी टाय बांधायचो. ते बघून आई तोंडाला पदर लावून आत जायची. तो टाय सारखा करून मी म्हणालो, "काजू सोलणाऱ्या तीस बायका कमी करा."

"कुठल्या तीस?"

"कुठल्याही."

"कुठल्याही न्हाई. नावं सांग. शेवंताला काढू? तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय!"

नसलेल्या कारखान्यातल्या नसलेल्या शेवंतासाठी काका इतके भडकले, की मी घाबरून तिला कामावर परत घेतलं. मग फुलाबाईला घेतलं. सुट्टी संपेपर्यंत मला त्या कारखान्यातून एकही माणूस काढता आला नाही.

पुण्यात खरी मुलाखत झाली. समोरच्या साहेबांनी एका बिस्किट कंपनीची अडचण सांगितली आणि म्हणाले, "खर्च वाढलाय." माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आता खरं सांगा." साहेबांनी पेन खाली ठेवलं. मीही मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

पुढं मी एका पंपाच्या कंपनीत विक्री खात्यात लागलो. रुजू होण्याआधी दोन दिवस घरी आलो आणि काकांकडं पेढे घेऊन गेलो.

"तिथं केस नसत्यात?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. पंप विकायचे."

"झ्याक झालं." त्यांनी टेबलावरचं झेरॉक्सचं बाड उचललं, कडा नीट जुळवल्या, सुतळीनं बांधलं. गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला. "म्हणजे आता सकाळचं यायचं कारण उरलं न्हाई."

मी जायला उठलो होतो, तो थांबलो. "उद्या येतो की. पण उद्या मी साहेब. मी विचारणार, तुम्ही उत्तरं द्यायची."

दुसऱ्या दिवशी सातला गेलो, तर काका अंगावर इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, असे आधीच खुर्चीत बसलेले. मी सगळ्यात सोपा प्रश्न काढला. सगळ्या मुलाखती त्यानंच सुरू होतात.

"स्वतःबद्दल सांगा."

काकांनी घसा साफ केला. "नाव बाबूराव चौगुले. राहणार कोल्हापूर." मग ते खिडकीकडं बघत राहिले. "मंडळी जाऊन सहा वर्षं झाली. तवापास्नं घरात..." ते एकदम थांबले. "हे मुलाखतीत सांगायचं नसतंय न्हवं?"

"सांगायचं असतं काका," मी म्हणालो आणि वही मिटली.

त्यांनी लग्नापासून सुरुवात केली. साडेदहाला आईनं समोरून जेवायला हाक मारली, तेव्हा काकांच्या गोष्टीत त्यांची मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. मी खिडकीतून आईला हातानंच सांगितलं, थांब जरा.