अण्णाची पुढच्या वर्षीची टीम

अण्णा गेला त्या दिवशी बुधवार होता. सकाळी त्याने चहा घेतला आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसला. मी पेपर वाचून उठलो तेव्हा तो गेलेला होता. मांडीवर कागद होता. कागदावर कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची पुढच्या वर्षीची नावं होती.

अण्णा माझा मोठा भाऊ. वय चौऱ्याहत्तर, उंची पाच फूट दोन इंच. बास्केटबॉल तो जन्मात खेळला नाही. चेंडू हातात धरला असेल तो फक्त परत फेकण्यापुरता. तरीही दर वर्षी कॉलेजा-कॉलेजांतले सामने संपले की तो पुढच्या हंगामाची टीम लिहायला बसे. कोण जाणार, कोण राहणार, कोण नवा येणार. हे काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

जामबागेतल्या एका कॉलेजात तो रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता. प्रयोगशाळेच्या मागेच कोर्ट. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी खिडकीतून चेंडू आत आला आणि त्याने काचेच्या सात नळ्या फोडल्या. अण्णा चेंडू बगलेत मारून भांडायला गेला तो दोन तास तिथेच उभा राहिला. घरी जेवताना म्हणाला, "मध्या, त्यांच्यातले तिघं यंदा शेवटच्या वर्षाला आहेत. पुढच्या साली काय करणार हे हौले?" हौला म्हणजे वेडा. आमच्या हैदराबादी मराठीत हा शब्द रागाने आणि प्रेमाने सारखाच वापरतात.

त्या दिवसापासून तो रोज कोर्टावर जाऊ लागला, आणि निवृत्त झाला तरी थांबला नाही. मुलांच्या प्रयोगांच्या उरलेल्या कोऱ्या वह्या त्याने जमवल्या होत्या. त्यात रोजच्या सरावाची नोंद असे, तीही प्रयोगासारखी. उद्देश, साहित्य, निरीक्षण, निष्कर्ष. "निरीक्षण: डाव्या हाताने टाकतो, पण आधी आभाळाकडे बघतो. निष्कर्ष: घरी काहीतरी बिनसलंय."

मुलांचे त्याच्या लेखी दोनच प्रकार होते, टिकाऊ आणि उडाऊ. ज्याचा मोठा भाऊ अमेरिकेत, तो उडाऊ. "स्पिरिटच्या बाटलीचं झाकण उघडलं की गेलाच समज." ज्याच्या बापाचं बेगमबाजारात दुकान, तोही उडाऊ; कधी गल्ल्यावर बसवतील नेम नाही. ज्याची हजेरी कमी, तो मात्र टिकाऊ. कारण हजेरी कमी पडली की मुलगा डिटेन होतो, म्हणजे त्याच वर्गात आणखी एक वर्ष काढतो, आणि आणखी एक वर्ष खेळतो.

नवा माल शोधण्याची त्याची पद्धत वेगळी होती. काचीगुड्याला आमच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. सगळे मुलीकडे बघत होते, अण्णा दाराबाहेर काढलेल्या चपलांकडे. त्यात एक जोड हा एवढा, होडीसारखा. अण्णाने पोहे खाल्ले नाहीत की मुलीला नाव विचारलं नाही. जो कोणी उठेल त्याच्या पायांकडे बघायचा. शेवटी चपला भटजींच्या निघाल्या. पन्नाशीचे, सहा फुटांचे भटजी. अण्णाने हळहळत त्यांना विचारलं, "गुरुजी, आपल्याला मुलगे किती?" मुलीकडच्यांना वाटलं, आम्ही भटजींशीच सोयरीक जमवतोय.

कॉलेजचे खेळाचे सर सलीमभाई. ते अण्णाला आदराने प्रोफेसर म्हणत आणि टीम निवडायच्या आधी घरी येत.

"प्रोफेसर साब, इस साल कित्ते जा रैं?"

"पाच. सहावा जाईल असं वाटतं. त्याच्या बहिणीचं लग्न ठरतंय, मग त्याला नोकरी बघावी लागेल."

"अरे, ये तो मेरेकूच नै मालूम था!"

"तुम्ही खेळ बघता सलीमभाई. मी मुलं बघतो."

गेल्या वर्षी अण्णाच्या कागदावर बाराच्या बारा नावं टिकाऊ होती. चाळीसहून जास्त वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या टीमचा खांब यादगिरी. सहा फूट चार इंच, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, आणि डिटेन होणार हे नक्की. सलीमभाईंनी येऊन तोंड पाडलं, "बिचारा यादगिरी, डिटेन हो रा," आणि मग दोघेही गालात हसले. अण्णाने मला त्या दिवशी स्वतः चहा करून दिला. "मध्या, पुढच्या साली आपण फायनलला. लिहून ठेव." मी पुस्तकातून मान वर न काढता बरं म्हटलं.

चार दिवसांनी यादगिरी आमच्या गौलीगुड्याच्या घरी आला. दारात वाकला, तरी कपाळ चौकटीला लागलंच. खुर्चीवर न बसता जमिनीवर बसला. खेळाडूंच्या कोट्यातून त्याला एका सरकारी खात्यात नोकरी मिळत होती. अट एकच, डिग्री याच वर्षी हवी.

"डिटेन हुआ तो नौकरी गई, सार. बापू कू लकवा मार के दो साल हुए. माँ एकली कमा रई."

"मग वर्गात का बसला नाहीस, हौल्या?"

"मैच कू गया था ना, सार. तुमीच तो पानी की बाटल्याँ पकड के साथ में थे."

बाहेरच्या सामन्यांना गेलेल्या मुलांची यादी खेळखात्याने ऑफिसला पाठवायची असते, मग ते दिवस हजेरीत धरतात. संध्याकाळी अण्णाने सलीमभाईंना घरी बोलावून विचारलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. अण्णा सगळं लिहितात म्हणजे यादीही तेच देत असतील, असं ते धरून चालले होते. अण्णाला वाटत होतं, सरकारी काम आहे, सलीमभाई करतात. वर्षभर यादी कोणीच दिली नव्हती.

"यादी आता राहूच दिलीत दोघांनी, तर यादगिरीही राहील आणि कोणाला कळणारही नाही," मी म्हणालो. मी उगाच म्हटलं होतं. अण्णाने माझ्याकडे असं बघितलं की मी पुस्तकात डोकं घातलं.

तीन दिवस आम्ही दोघांनी वह्या चाळल्या. तो तारखा सांगे, मी लिहून घेई, कारण माझं अक्षर बरं आहे. चौथ्या दिवशी तो ठेवणीतला कोट घालून प्रिन्सिपॉलकडे गेला. मीही वह्यांची पिशवी धरून मागे होतो. प्रिन्सिपॉल मॅडमनी यादी पाहिली आणि चष्मा काढला.

"सर, ही यादी तर आता तयार केलेली दिसते. खरी कशावरून धरू?"

अण्णाने वही उघडून पुढे ठेवली. मॅडमनी मधलंच एक पान वाचलं. "'यादगिरी आला नाही. निष्कर्ष: सिनेमा.' हे काय?"

"त्या दिवशी तो सिनेमाला गेला होता. असे नऊ दिवस आहेत. ते मी मागत नाही. फक्त सामन्यांचे द्या."

मॅडम हसल्या. मग आणखी पाच-सहा पानं त्यांनी नीट वाचली, आणि सही केली.

यादगिरी पास झाला. नेमणुकीचं पत्र आणि पेढे घेऊन आला, तेव्हा अण्णाने त्याला बजावलं, "आता नोकरीत तरी दांड्या मारू नको." तो गेल्यावर अण्णाने कपाटातून टीमचा कागद काढला, पट्टी ठेवून यादगिरीच्या नावावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, उडाऊ.

"वाईट वाटलं का रे?" मी विचारलं.

खाली रस्त्यावर बसस्टँडकडे जाणाऱ्या रिक्षांचा गोंधळ चालला होता.

"जायलाच पाहिजेत रे पोरं," तो म्हणाला. "मी नोकरीला लागल्यापासून दर साली चार-पाच जातात. परत कोण येतो? कोण जाणार ते आधी लिहून ठेवलं की त्या दिवशी कमी लागतं. एवढंच." मग कागदाची घडी घालत म्हणाला, "उद्या येतोस कोर्टावर?"

इतक्या वर्षांत त्याने मला असं कधी विचारलं नव्हतं. माझी बायको गेल्यापासून सहा वर्षं आम्ही दोघेच त्या घरात होतो, आणि संध्याकाळी तो कोर्टावर, मी पुस्तकात, हे ठरलेलं होतं. मी म्हणालो, "बघू." दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही.

यादगिरीशिवाय टीम पहिल्याच फेरीत हरली. त्यानंतर महिनाभराने तो बुधवार आला.

किती मुलांना कळलं आणि कसं, मला माहीत नाही. आले त्यांत पन्नाशीचे होते, तिशीचे होते, आणि सगळेच उंच होते. पुढच्या खांद्यांत एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला यादगिरी, त्यामुळे तिरडी माझ्या अंगावर कलली. सलीमभाई मागून हळूच म्हणाले, "यादगिरी, जरा झुक के चल बेटा." स्मशानापर्यंत तो गुडघ्यात वाकून चालला.

आता घरात मी एकटा आहे. संध्याकाळी साडेपाचला मी कोर्टावर जातो आणि पायरीवर बसतो. खेळ मला कळत नाही. मुलांची नावं पाठ झाली आहेत.