लग्नपत्रिकेएवढा गॅप

जाम गावच्या बाबाराव मिस्त्रीने मला फसवलं. ठरवून फसवलं, माझ्याच जीपमध्ये, माझ्याच गिऱ्हाइकासमोर. मी फाट्यावर शेंगदाणे विकत होतो, तिथून सरकीचा व्यापारी झालो. एवढ्या वर्षांत मला गंडवून कोणी पचवलेलं नाही. म्हणून हा माणूस कोण, ते नीट सांगतो.

बाबाराव स्पार्क प्लगचा गॅप लग्नपत्रिकेने मोजतो. प्लगच्या ज्या फटीत ठिणगी पडते, तिथे पत्रिकेचा कोपरा सरकवून बघतो. मापाची पट्टी त्याच्याकडे आहे, पण तिच्यावर विश्वास नाही. "पट्टी घासते, भाऊ. पत्रिका रोज नवी भेटते."

ते खरंच. वरातीची गाडी ऐनवेळी बंद पडू नये म्हणून सारा तालुका त्याला पत्रिका देतो. लग्नाला तो एकाच्याही जात नाही. पत्रिका मात्र जाडीप्रमाणे लावून ठेवतो. बोरगाव मेघेच्या एका मास्तरांची सगळ्यांत पातळ. "शिकेल-सवरेल माणूस, पण कागदात कंजूस!"

एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी लिलावातली लष्करी जीप घेतली. बाबारावाने नागपूरच्या कबाड्याकडून जुन्या डिझेल इंजिनाचा ब्लोअर आणला आणि पट्ट्याने तिला जोडला. हा ब्लोअर इंजिनात हवा कोंबतो. पहिल्याच दिवशी जीप खोकून बंद पडली. मी भडकलो.

"भाऊ, पाहुण्याले पोया दुप्पट वाढल्या अन् वरण तेवढंच देल्लं, तं तो जेवन का?"

त्याने कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोलचं भोक, मोठा केला, पेट्रोलचा दुसरा पंप बसवला. वरण वाढलं, तरी चढावर फटफट चालूच.

"आता काऊन रडते ही?"

"हवेच्या दाबानं ठिणगी विझून राह्यली. वाऱ्यात बिडी पेटवतानी हात जवय घेता का नाई?"

मग ठिणगीसाठी जोरकस कॉइल आली आणि गॅप कमी झाला. जाड पत्रिका गेली, मास्तरांची पातळ आली. त्यानंतर ती जीप सरकीची पाच पोती घेऊन केळझरची चढण गिअर न बदलता चढली. वर्धा जिल्ह्यात अशी दुसरी जीप नव्हती आणि असा मिस्त्री नागपुरातही नव्हता. त्याच्यावर माझा कितीही राग असो, हे मी कुणाहीसमोर सांगेन.

तिची कीर्ती ऐकून नागपूरचा एक ठेकेदार ती विकत घ्यायला आला. सौदा मी तीन दिवस ताणला आणि मी म्हणेन त्या किमतीवर आणला. त्या पैशात माझा पहिला ट्रक येणार होता. ठेकेदाराची अट एकच, केळझरची चढण भरल्या जीपने त्याच्यादेखत चढायची. मी बाबारावाला म्हटलं, "उद्या दाखवाची हाय. एकडाव पाहून घ्या." त्याने प्लग काढले, पुसले, बसवले. एरवी बडबड्या माणूस, त्या दिवशी माझ्याकडे पाठ करून बसला होता.

सपाट रस्त्यावर जीप झकास पळाली. चढणीवर मी पाय दाबला आणि ती फटफटत, गचके देत मधेच उभी राहिली. ठेकेदार हसला. "सेठ, ये तो बारात की घोडी निकली." आणि समोरून आलेल्या एसटीला हात दाखवून गेला.

मी तिथेच भर उन्हात प्लग उघडले. चारही गॅप मोठे. चूक एका प्लगात होते, चारात होत नाही.

जीप रडतखडत जामला आणली. "बाबाराव, जाड पत्रिका काऊन लावली?"

तो खोटं बोलला नाही. हात पुसत राहिला.

"सकायी तुमच्या जीपचा आवाज आला का मी चहा मांडतो. दोन कप. दुसरं कोण येते माह्याकडे? गाडी बिघडली का येतात, सुधरली का जातात. ती नागपुरले गेली असती, तं मी आवाज कोणाचा आयकू?"

माझ्या तोंडात चांगल्या दहा शिव्या तयार होत्या. त्या मी त्याच्या चहाबरोबर गिळल्या.

जीप मी नंतर विकायला काढली नाही. पण गिऱ्हाईक बुडालं ते बुडालंच, आणि ठरलेला सौदा मी विसरणारा माणूस नाही. रोज सकाळी जीप त्याच्या दारात उभी करतो, खाटेवर बसतो आणि जाब मागतो. तो खाली मान घालून माझ्या कपात एक चमचा साखर जास्त टाकतो. असल्या लाचेने मी गप्प बसणार नाही.

बोला बाबाराव, माझ्या ट्रकचं काय?