अण्णांचं चाकण

चाकणला दत्तूअण्णांना पत्ता विचारू नये. ते सांगत नाहीत, गाडीत बसतात.

अण्णा आमच्या कंपनीत स्टोअर सांभाळतात. मूळचे चाकणचेच, आता डोंगराच्या बाजूला वस्तीवर राहतात. एकदा ते गेटसमोर चहा पीत होते, तेवढ्यात एका कंटेनरवाल्यानं खिडकीतून आमच्याच कंपनीचा रस्ता विचारला. कंपनी समोर होती. अण्णांनी ग्लास ठेवला आणि थेट केबिनमध्ये चढले.

"पहली बार आया क्या? फिर पहले गाव देखने का!"

कंटेनर हायवेच्या कडेला उभा करून त्यांनी त्याला भुईकोट किल्ला दाखवला, चक्रेश्वराच्या पाया पडायला लावलं, कांद्याच्या बाजारात फिरवलं. इकडे मालाअभावी कंपनीची लाइन बंद. मॅनेजरसाहेबांनी फोन केला, "अण्णा, मटेरियल कुठंय?"

"यतंय सायेब. देवळात बसलंय."

दोन तासांनी ड्रायव्हर आला. कपाळाला गंध, मांडीवर कांद्याची पिशवी आणि चेहऱ्यावर कमालीचं समाधान. तेव्हापासून अण्णांना ड्यूटीवर गेटबाहेर जायची बंदी झाली. मग त्यांनी ड्यूटी सुटल्यावर आतली माणसं धरायला सुरुवात केली.

चाकण म्हणजे ट्रॅफिक, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नाही. "अर्ध्या तासात कटाळता व्हय राव? शाहिस्तेखान हितं दोन महिने अडकला हुता!" किल्ल्याची आता थोडीच तटबंदी शिल्लक आहे, पण अण्णांचं काही अडत नाही. चेन्नईहून आलेल्या ऑडिटरला त्यांनी मोकळ्या जागेत हात धरून थांबवलं. "सांभाळून! हितं दिंडी दरवाजा हुता. डोकं आपटंल." तो बिचारा वाकून पलीकडे गेला.

"जुन्नरकडचा माल हितनंच जायचा. बैलांचे तांडेच्या तांडे! आमी काय कंपन्या आल्यावर धंदा शिकलो न्हाई."

मी लातूरचा. भोसरीत खोली घेऊन राहतो. वडील गेल्यावर आईला इकडे घेऊन आलो. ती दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. तीन आठवड्यांत 'हो' आणि 'नको' यापलीकडे शब्द नाही. अण्णांच्या कानावर हे गेलं. म्हणाले, "शनवारी घिऊन या. बाजार असतो."

बाजारात आई खाली मान घालून चालत होती. एका भाजीवालीपाशी मात्र थांबली. मेथीची जुडी उचलून उलटी केली. "ही काय जुडी म्हणावं का बाई? नुसते दांडेच हायेत की!" भाजीवालीही कमी नव्हती. दोघींची चांगलीच जुंपली. मी ऐकतच राहिलो. अण्णा कानात म्हणाले, "मधी पडू नका. भांडू द्या."

नंतर ते आम्हाला घरी घेऊन गेले. दाराला कुलूप होतं. चहा त्यांनीच केला.

आईनं विचारलं, "वहिनी न्हाईत का?"

"चार वर्सं झाली, ताई." त्यांनी दारातून समोर बोट दाखवलं. "त्यो भामचंद्राचा डोंगर. तिला रोज दिसायचा. म्हणायची, एकदा न्या. मी म्हणायचो, हितंच तर हाय, जाऊ की कवाबी." त्यांनी कपातली साय बोटानं बाजूला केली. "आता समद्यांना समदं दाखवतो. तेवढा डोंगर सोडून."

आई उठली. पदर खोचला.

"चला. मला दावा."

"आत्ता? ऊन हाय, ताई."

"असू द्या. मला बी घरात बसून लई दिवस झाले."

चढताना आई दोनदा बसली, अण्णा तीनदा. वर डोंगरातल्या गुहेपाशी पोचलो, तरी त्यांनी माहिती म्हणून एक शब्द सांगितला नाही. कड्याजवळच्या एका दगडावर बसून खालच्या वस्तीत ते बराच वेळ काहीतरी शोधत होते. मग सापडलं असावं.

"आपलं घर हितनं केवढंसं दिसतं, न्हाई?" ते हळू आवाजात म्हणाले.

आई शेजारीच बसली होती. पण ते तिला विचारलेलं नव्हतं.