तू कर, मी बघते

माझ्या थोरल्या नणंदबाई, कमलवन्सं, स्वयंपाकघराच्या दारात एका पायावर उभ्या राहायच्या. दुसऱ्याचा तळवा गुडघ्याला टेकवलेला. बगळा परवडला, तो निदान मासे तरी धरतो. "वन्सं, जरा पीठ चाळता का?" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "तू कर गं वहिनी, मी बघते."

वन्सं मुंबईच्या एका बॅले मंडळात नाचत. दौऱ्यावरून परतताना मंडळाची लॉरी त्यांना पळस्प्याला उतरवी. तिथून टांग्याने पनवेलला येत, मान अशी ताठ की टांगेवालाही सरळ बसे. सासूबाई लेकीचं लग्न जमत नाही म्हणून बाहेर रडत आणि आत तिच्यासाठी लाडू वळत. मी जळून कोळसा! शाळेच्या गॅदरिंगात मीही नाचून टाळ्या घेतल्या होत्या. म्हणजे आईने वाजवल्या होत्या.

मंडळ वाढत गेलं. लॉरी जाऊन आगगाडीचा राखीव डबा आला, सरकारी मदत आली, मग बोटीने परदेश. वन्संच्या वाट्याला नाचात मात्र आधी समुद्राची लाट, मग हरणाचे मागचे पाय. मी आळीभर सांगे, "मागचे हं!"

मीठ विकायला येणारी ठकी म्हणे, "वयनी, जलताव कशाला? मागचं तं मागचं, पन ते पाय परदेस बघून आलं. तुमी पलस्प्याच्या पुढं गेलाव कदी?"

आणि एका वर्षी वन्संना मुख्य काम मिळालं. आईचं! ज्यांनी कधी पातेलं उतरवलं नाही, त्यांना! मी पैठणी नेसून मुंबईला गेले, ती त्या कुठे घसरतात ते बघायला.

पडदा उघडला. ना चूल, ना पाळणा, एकट्या वन्सं. पायाच्या अंगठ्याने नसलेल्या पाळण्याची दोरी ओढत नसलेली भाकरी थापत होत्या. हात पिठाचे, म्हणून मनगटाने बट मागे सारली. सगळ्यांना वाढलं, इकडेतिकडे पाहिलं, दाराकडे पाठ केली आणि पटकन गुळाचा खडा गालात टाकला. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. शेजारून आमचे हे म्हणाले, "अगं, ही तर तू! गूळ असा संपतो होय?"

मी तरातरा रंगपटात. "वन्सं, माझा गूळ चोरलात!"

त्या ट्रंकेवर बसून घुंगरू सोडत होत्या. "मग काय करू गं? माझा संसार म्हणजे ही ट्रंक. पोराबाळांची बाई घरात कशी वावरते, ते तुझ्या दारात उभं राहून शिकले. आणखी कुणाच्या दारात उभी राहू?"

पुढच्या खेपेला त्या आल्या, तशी मी परात पुढे सरकवली. "आज तुम्ही करा. मी बघते."

हात हुबेहूब माझे. बटसुद्धा मनगटाने सारली. भाकरी मात्र तव्यावर जाता जाता फाटली.

मी गुळाचा डबा काढला, आणि आम्ही दोघी दाराकडे पाठ करून बसलो.