भरवशाची करवत

एका जंगलात एकदा करवत घ्यायचं ठरलं. दातेरी साखळीची, पेट्रोलवर चालणारी. मुलांनो, कशाला, असं विचारू नका. शेजारच्या जंगलाने घेतली होती. तिथे आता जंगल नव्हतं, पण करवत उत्तम चालू होती.

समिती नेमली. गवा अध्यक्ष झाला, कारण तो मोठा होता. साळिंदर चिटणीस झालं, कारण त्याच्या अंगावरच लेखण्या होत्या.

विकायला तरस आलं. ते सारखं हसायचं. त्याने दोन करवती आणल्या. एक ‘वज्र’, ताकदीची. दुसरी ‘सोबती’, भरवशाची.

“दोन्हींत चांगली कुठली?” गव्याने विचारलं.

“ज्याची त्याला चांगली वाटते,” तरस म्हणालं. “झाडांची तक्रार अजून एकीबद्दलही आलेली नाही.”

तेव्हा चाचणी घ्यायची ठरली. त्यासाठी ओढ्याकाठचा जुना बेहडा निवडला.

त्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची बायको राहत होती. धनेशांची रीत अशी, की बायको ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसं झडतात. नवरा त्या फटीतून तिला आणि पिल्लांना घास भरवतो.

धनेश समितीपुढे गेला.

“माझी बायको आत आहे. पिल्लंही आहेत.”

“ऐकून वाईट वाटलं,” गवा म्हणाला. “पण हा तुमचा घरगुती प्रश्न झाला, धनेशराव. करवतीबद्दल काही असेल तर बोला.”

धनेशाने जरा विचार केला.

“झाड पोकळ आहे,” तो म्हणाला. “पोकळ खोडावर ताकद कशी कळणार?”

इतकं मुद्देसूद अजून कुणीच बोललं नव्हतं. बेहडा रद्द झाला, त्याऐवजी भरीव खोडाचं ऐनाचं झाड ठरलं आणि धनेशाला तिथल्या तिथे समितीत घेतलं.

तो ढोलीपाशी आला.

“झाड वाचलं. मला समितीवर घेतलं.”

“तुम्हाला?” आतून बायको म्हणाली. “घरात तर तुमचं कुणी ऐकत नाही.” मग म्हणाली, “आता उंबरं जरा पिकलेली आणा. कच्ची असली की थोरला थुंकून टाकतो.”

पिकलेली उंबरं डोंगरापलीकडे होती. धनेश निश्चिंत होऊन गेला.

इकडे चाचणी झाली. वज्र ऐनात निम्म्यावर अडकली आणि धूर ओकू लागली. सोबती आरपार गेली.

“झालं तर. सोबती घेऊ,” गवा म्हणाला.

“घाई नको, अध्यक्ष,” तरस म्हणालं. “ही नुसती ताकद झाली. भरवसा राहिला. जिथे आत काय लागेल याचा पत्ता नाही, तिथे जी अडत नाही ती भरवशाची.”

“त्याला पोकळ झाड लागेल,” गवा म्हणाला.

“आपल्या धनेशरावांनीच एक सांगितलंय,” साळिंदर म्हणालं.

गवा थोडा घुटमळला. “त्यात कुणीतरी आहे म्हणत होते ना ते?”

“तेच तर,” तरस हसलं. “आत काहीतरी असायलाच हवं.”

धनेश परतला तेव्हा बेहडा आडवा पडला होता. ढोलीपाशी त्याचे दोन तुकडे झाले होते.

“या, धनेशराव,” गवा आदराने म्हणाला. “जराही अडखळली नाही. तुमचा मुद्दा फार उपयोगी पडला. आता ठराव एकमताने करू. तुमची काही हरकत?”

धनेशाच्या चोचीत उंबर होतं. पिकलेलं. ते टाकल्याशिवाय बोलता येत नव्हतं, आणि टाकवत नव्हतं.

“हरकत नाही,” साळिंदराने लिहून घेतलं.

तात्पर्य: मुलांनो, आपलं दुःख सांगत बसू नये. त्याने समितीचा वेळ जातो. नेहमी मुद्देसूद बोलावं. त्याने चाचणी अधिक काटेकोर होते.