मारवेलचा वाफा

गवत उगवायला काही अक्कल लागत नाही, असं मी नवऱ्याला फोनवर ठणकावून सांगितलं होतं. गौरव मुंबईला, आम्ही इथे पालीजवळ. दर पावसाळ्यात मागच्या उताराची लाल माती वाहत मागल्या दारी येते, आणि दीड वर्षांची सानवी नुकतीच चालायला लागलेली. गौरव म्हणाला, सिमेंट ओतू. मी म्हटलं, "मारवेल गवत लावू. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं माती धरतं. गणपतीला ये आणि बघ!"

दापोलीला शेती शिकणाऱ्या माझ्या मामेभावाने, स्वरूपने, पिशवीभर बियाणं दिलं. बियाणं कसलं, फाटक्या उशीतला कापूस! सानवीला निजवून येते तो सासूबाई मागल्या दारी सूप घेऊन बसलेल्या.

"काय गो हे, सगळी फोलपटंच. पाखडून ठेवलंय."

सुपात चमचाभर जड दाणे उरले होते. मी तर आभारच मानले.

उतारावर लावायची रोपं म्हणून ते दाणे वाफ्यात पेरले. सानवी झोपली की पाणी, जेवली की पाणी. पानं आली ती गोल. गवताला गोल पानं? लहानपणी असतील, सानवीचे पायही गोलच आहेत. पुढे पिवळी फुलं आली. फोटो काढून गौरवला पाठवला.

शेजारचे भिकाजीकाका म्हणाले, "वैनी, टाकळा लावलात काय?"

"मारवेल आहे, काका."

"असंल. आमच्यात त्याची भाजी करतात."

माझं माहेर डोंबिवलीचं. मी हसून सोडून दिलं.

गणपतीआधी घराभोवतीचं रान काढतात. उतारावर यंदा कमरेएवढं माजलेलं. माझ्या रोपांना जागा हवी म्हणून मीच काकांकडून ते सगळं कापून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गौरव आणि स्वरूप आले. स्वरूप थेट कापलेल्या ढिगाकडे गेला.

"ताई, एवढं छान मारवेल आलं होतं, कापलंस का?"

"मारवेल वाफ्यात आहे."

"तो टाकळा आहे, तण. मारवेलचं बी कापसासारखं हलकं असतं, त्यात टाकळ्याचे जड दाणे मिसळले असतील."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या उताराकडे पाहत होत्या. "त्या दिवशी वाऱ्याने फोलपटं तिकडंच गेली खरी."

"आणि वाफ्यात टाकळा वाढतोय, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की. मला वाटलं, तुला आवडतो."

"बुडखे शाबूत आहेत, पुन्हा फुटेल," स्वरूप म्हणाला. सानवी मागल्या दारी कोरड्या पायरीवर दुडदुडत होती. यंदा तिथे चिमूटभरही माती आली नव्हती.

"मग हे कुणामुळे?" गौरवने मुद्दाम विचारलं.

"आईंमुळे," मला म्हणावं लागलं.

रात्री टाकळ्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी केली. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली. आणि गवताचं म्हणाल, तर त्याला अक्कल लागत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं.